स्थिर पाणी आणि स्वच्छ पाणी

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात संगारव नावाच्या एका ब्राह्मणाने तथागतांना विचारलेला प्रश्न आला आहे. हाच प्रसंग संयुत्त निकायाच्या बोज्झंग संयुत्तातही आढळतो. संगारवाचा प्रश्न असा : दीर्घकाळ घोकलेले मंत्रसुद्धा कधीकधी आठवत नाहीत, मग न घोकलेल्यांची गोष्टच नको, उलट कधीकधी फारसे न घोकलेले मंत्रही सहज स्फुरतात. असे का व्हावे? प्रश्न विद्यार्थ्याचा आहे. परीक्षागृहात बसलेल्या कोणत्याही मुलाला तो आपलाच वाटेल. त्यात मनःशांतीची मागणी नाही, निर्वाणाची जिज्ञासा तर नाहीच नाही. तरीही भगवंतांनी संगारवाला जे उत्तर दिले, त्यात ध्यानाने काय साधायचे असते याचा उलगडा जितका स्पष्ट झाला आहे, तितका मोठमोठ्या प्रकरणग्रंथांतही क्वचितच झाला असेल.

भगवंतांनी पाण्याच्या पाच पात्रांची उपमा दिली. चांगली दृष्टी असलेला एक मनुष्य पाण्यात आपले मुख पाहू इच्छितो. पहिल्या पात्रातील पाण्यात लाख, हळद, नीळ किंवा मंजिष्ठ कालवलेली आहे. त्यात मुख दिसते ते खऱ्या रंगाचे दिसत नाही. ही कामरागाने व्यापलेल्या चित्ताची अवस्था. दुसरे पात्र आगीवर ठेवलेले, खदखदणारे. ही व्यापादाची म्हणजे द्वेषाची अवस्था. तिसऱ्यातील पाणी शेवाळाने झाकले गेले आहे, हे थीनमिद्ध. चौथ्यावर वारा वाहत आहे आणि पाण्यावर तरंग उठत आहेत. हे उद्धच्चकुक्कुच्च, म्हणजे अस्वस्थता आणि झाल्या गोष्टींची रुखरुख. पाचवे पात्र गढूळ, चिखलाचे, आणि तेही अंधारात ठेवलेले, ही विचिकिच्छा. या पाचांना पालि साहित्यात 'पंच नीवरणे' असे नाव आहे. ती असताना मनुष्याला स्वतःचे हित यथार्थ दिसत नाही, दुसऱ्याचे हित दिसत नाही आणि उभयतांचेही दिसत नाही, असे त्या सुत्तात म्हटले आहे. घोकलेले मंत्र न आठवणे हा त्याचाच एक परिणाम.

या उपमेतील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहोत. पाच पात्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या पात्रातील पाणी मुळीच हलत नाही. रंगीत पाणी स्थिर आहे. शेवाळलेले पाणी तर त्याहूनही स्थिर आहे, कारण शेवाळ धरते तेच मुळी न हलणाऱ्या पाण्यावर. तरीही त्या दोहोंत मुख दिसत नाही. याचा अर्थ असा की, चित्त शांत होणे आणि चित्त स्वच्छ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असे भगवंतांनी म्हटलेले नाही.

आजच्या काळात हा भेद विसरला जात आहे. ध्यान म्हणजे तणावमुक्ती, ध्यान म्हणजे दोन घटका विसावा, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. परंतु विहारातील ध्यानवर्ग संपल्यावर "आज मन फार शांत झाले" असे सांगणाऱ्या उपासक-उपासिकांना आम्ही जेव्हा "त्या शांततेत काय दिसले?" असे विचारतो, तेव्हा बहुतेकांना प्रश्नच विचित्र वाटतो. दिसायचे काय असते? घंटा वाजेपर्यंत वेळ कसा गेला हेच कळले नाही, असे ते समाधानाने सांगतात. ज्याचा श्वास कळला नाही, ज्याला वेळ कळला नाही, त्याचे चित्त वाऱ्यापासून सुटले आणि शेवाळाखाली गेले, असेच बहुधा म्हणावे लागते.

थीनमिद्धाचे भाषांतर आपण 'आळस' असे करतो. आम्हीही कित्येक वर्षे वर्गात तसेच शिकवीत आलो. आता ते अपुरे वाटते. अभिधम्मपिटकातील धम्मसंगणीत थीन म्हणजे चित्ताची आणि मिद्ध म्हणजे कायेची 'अकम्मञ्ञता' अशी व्याख्या केलेली आहे. येथे काया म्हणजे हाडामांसाचे शरीर नव्हे, तर चित्ताबरोबर उत्पन्न होणाऱ्या वेदनादी धर्मांचा समूह, असा खुलासा अट्ठकथाकार करतात. अकम्मञ्ञता हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. अकर्मण्य, म्हणजे कामाला अयोग्य. मनुष्य दिवसभर धडपडत असेल, कष्टाळू असेल, आणि तरीही ध्यानाला बसताच त्याचे चित्त अकर्मण्य होत असेल, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होय. याउलट, समाधीने संस्कारित झालेल्या चित्ताचे वर्णन दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात 'मृदू' आणि 'कम्मनिय' या शब्दांनी आले आहे. सोनाराने तापवून, शोधून घेतलेले सोने जसे हव्या त्या अलंकारासाठी तयार असते, तसे ते चित्त कामासाठी तयार असते. बुद्धांच्या परंपरेतील शांततेची ही कसोटी आहे. ध्यानातून उठलेले चित्त कामास योग्य झाले की नाही, हे पाहावयाचे.

थीनमिद्धावर उपाय काय, याचे सर्वांत मनोज्ञ विवेचन अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातात आहे. महामोग्गल्लान मगध देशातील कल्लवाळमुत्त नावाच्या गावी ध्यानाला बसले असता पेंगू लागले. जे पुढे ऋद्धिमंतांत अग्रगण्य ठरले, तेच हे मोग्गल्लान. भगवंत त्यांच्यापुढे प्रकट झाले. त्यांनी रागावून बोलणे सोडाच, क्रमाने सात उपाय सांगितले. ज्या संज्ञेकडे लक्ष दिल्याने झोप आली, तिच्याकडे लक्ष देऊ नये. त्याने न भागल्यास ऐकलेल्या धम्माचे मनात चिंतन करावे. त्यानेही न भागल्यास तो मोठ्याने म्हणावा. नंतर कान ओढावेत व हातापायांवरून हात चोळावा. नंतर उठून डोळ्यांना पाणी लावावे, दिशा न्याहाळाव्यात, आकाशातील नक्षत्रे पाहावीत. नंतर रात्रीही दिवसाचा प्रकाश आहे अशी आलोकसंज्ञा चित्तात धरावी. नंतर येरझारा घालीत चंक्रमण करावे. इतके करूनही झोप जात नसेल, तर उजव्या कुशीवर, उठण्याची वेळ मनात धरून, सरळ झोपावे.

हा शेवटचा उपदेश आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. आमच्या वर्गात पहाटे चार वाजता उठून डबे करणाऱ्या, दिवसभर काम करून सायंकाळी विहारात येणाऱ्या उपासिका आहेत. त्या डोळे मिटताच झोपी जातात आणि मग ओशाळतात. त्यांना ध्यान येत नाही असे नव्हे. त्यांना झोप हवी आहे. झोपेला झोप म्हणावे आणि ध्यानाला ध्यान. अट्ठकथांत थीनमिद्ध दूर करणाऱ्या गोष्टींमध्ये अतिभोजन टाळणे, आसन बदलणे आणि मोकळ्या हवेत राहणे यांचाही समावेश केलेला आहे. पुष्कळ विहारांत ध्यानाच्या वेळी दारे-खिडक्या लावून, दिवे मालवून बसण्याची जी प्रथा पडली आहे, ती या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

आता 'पस्सद्धि' या शब्दाकडे वळू. पस्सद्धि म्हणजे प्रशांती. सात बोध्यंगांपैकी ती एक आहे. ती सदैव हितकरच असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. परंतु बोज्झंग संयुत्तातील अग्गि सुत्त निराळेच सांगते. चित्त मंदावलेले असेल तेव्हा पस्सद्धि, समाधी आणि उपेक्खा या तीन बोध्यंगांची भावना करण्याचा तो काळ नव्हे. विझत आलेल्या लहानशा आगीवर ओले गवत, ओले शेण आणि ओली लाकडे टाकावीत, तशातला तो प्रकार होईल. त्या वेळी धम्मविचय, म्हणजे धर्मांची चिकित्सा, तसेच विरिय आणि पीति यांची भावना करावी. चित्त उसळलेले असेल तेव्हा उलट करावे. सति मात्र सर्वत्र उपयोगी आहे, असे त्या सुत्तात सांगितले आहे. म्हणजे शांततेलाही वेळकाळ आहे! वीणेच्या तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडल्या तरी लागत नाही, हा सोण स्थविरांना केलेला उपदेश सर्वांना ठाऊक आहे. सोणांचा दोष अतिप्रयत्नाचा होता. चंक्रमण करता करता त्यांच्या पायांतून रक्त आले होते. आपल्यापैकी किती जणांचा दोष तो असेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

प्रत्यक्ष पद्धतीच्या दृष्टीने पाहता, शांतता आणि स्वच्छता या दोहोंचा मेळ ज्या एका कर्मस्थानात सर्वांत व्यवस्थित घातलेला आहे, ते म्हणजे आनापानसति. मज्झिम निकायातील ११८ वे सुत्त याच विषयावर आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात, वर्षावास संपल्यानंतरच्या कार्तिक पौर्णिमेच्या रात्री हा उपदेश झाला. त्यात चार-चारांच्या चार गटांत सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिला गट कायेचा, दुसरा वेदनेचा, तिसरा चित्ताचा, चौथा धम्मांचा. या सोळांपैकी 'शांत करीत' या अर्थाचा शब्द फक्त दोन ठिकाणी येतो : चौथ्या पायरीत कायसंस्काराला अनुलक्षून आणि आठव्या पायरीत चित्तसंस्काराला अनुलक्षून. बाकीच्या पायऱ्यांत जाणणे आहे, अनुभवणे आहे, पाहणे आहे. तिसऱ्या गटात तर चित्त समाहित करण्याच्या आधी चित्त प्रमुदित करण्याची पायरी ठेवलेली आहे. मरगळलेले चित्त एकाग्र करण्याचा आग्रह भगवंतांनी धरलेला नाही. आधी ते उल्हसित करावे, मग स्थिर करावे, मग मोकळे करावे, असा तो क्रम आहे.

व्याकरणाची एक बारीक गोष्टही येथे सांगितली पाहिजे. पहिल्या दोन पायऱ्यांत, म्हणजे दीर्घ आणि ऱ्हस्व श्वासाच्या वेळी, 'पजानाति' हे क्रियापद आहे. साधक केवळ जाणतो. तिसऱ्या पायरीपासून पुढे 'सिक्खति' येते. तो शिकतो, अभ्यास करतो. म्हणून आरंभी श्वास लांबविण्याचा किंवा आखडण्याचा प्रयत्न करू नये. प्राणायामाशी आनापानसतीची गल्लत करणाऱ्यांनी एवढा एक शब्द जरी नीट वाचला तरी पुरे आहे. (अस्सास म्हणजे आत घेतलेला श्वास की बाहेर सोडलेला, यावर खुद्द अट्ठकथांमध्ये मतभेद आहे : विनयाच्या अट्ठकथेनुसार बाहेर जाणारा, सुत्तांच्या अट्ठकथांनुसार आत येणारा. साधकाने या वादात पडण्याचे कारण नाही. श्वास येतो आणि जातो, एवढे निर्विवाद आहे.)

सुरुवातीच्या साधकासाठी आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात श्वास मोजण्याची रीत दिली आहे. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. पाचाच्या आत थांबल्यास, अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांप्रमाणे चित्त धडपडते. दहाच्या पुढे गेल्यास चित्त श्वासाला सोडून आकड्यालाच धरून बसते. प्रथम धान्य मापणाऱ्याप्रमाणे सावकाश मोजावे. तो माप भरतो, ओततो, 'एक, एक' म्हणतो, मध्येच काडीकचरा दिसला तर काढून टाकतो. सराव झाला म्हणजे गुराख्याप्रमाणे भरभर मोजावे. गोठ्याच्या दाराशी बसलेला गुराखी, एकेक गाय दाराशी आली की खडा टाकतो. गाय कोठून आली, कोठे गेली हे पाहावयास तो उठत नाही. श्वासाच्या मागे पोटात आणि बाहेर हवेत धावणाऱ्यांसाठी ही उपमा आहे.

मोजणी हा सुत्तातील भाग नव्हे. ती आचार्यपरंपरेची भर आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर केले असेल. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, त्यानंतर त्यांनी येथे रुजविलेल्या सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेत मोजणी नाही आणि शब्दही नाही. नैसर्गिक श्वास नाकपुड्यांच्या खाली केवळ जाणावयाचा आणि पुढे शरीरावरील संवेदनांकडे वळावयाचे. दोन्ही रीतींना पालि परंपरेत आधार आहे. एका बैठकीत दोन्हींची सरमिसळ करू नये, एवढेच.

विसुद्धिमग्गातील खरी मोलाची सूचना पुढे येते. इतर कर्मस्थाने जसजशी साधतात तसतशी अधिक स्पष्ट होत जातात; आनापान मात्र जसजसे साधते तसतसे सूक्ष्म होत जाते आणि शेवटी श्वास सापडेनासा होतो. काशाच्या थाळ्यावर ठोका मारल्यानंतर नाद बारीक बारीक होत जावा, तसे हे घडते. शेवाळ धरण्याची जागा नेमकी हीच. श्वास हरवला, मन रिकामे झाले, आता पोहोचलो, असे साधकाला वाटते आणि तो त्या रिकामेपणात बसून राहतो, किंवा घाबरून उठतो. बुद्धघोष सांगतात : उठू नये, तर विचार करावा. श्वास कोणाला नसतो? मातेच्या उदरातील गर्भाला, पाण्यात बुडालेल्याला, मूर्च्छिताला, मृताला, चतुर्थ ध्यानात असलेल्याला. 'हे पंडिता, तू यांपैकी कोणी आहेस काय?' असे साधकाने स्वतःलाच विचारावे. नाही ना? मग श्वास चालूच आहे. तुझी प्रज्ञा मंद असल्याने तो सापडत नाही. लांब नाकाच्या माणसाने तो नासिकाग्री शोधावा, आखूड नाकाच्या माणसाने वरच्या ओठाशी. बुद्धघोषांच्या करड्या लेखणीतून असा विनोद फार थोड्या ठिकाणी निसटला आहे. येथे शांततेवर उपाय म्हणून आणखी शांतता सांगितलेली नाही. शोध सांगितला आहे.

राहिलेल्या पात्रांविषयी थोडक्यात. खदखदणाऱ्या पाण्यासाठी मेत्ताभावना. तिचा आरंभ स्वतःपासून करावा. वैऱ्यापासून तर मुळीच करू नये, असा विसुद्धिमग्गाचा स्पष्ट दंडक आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानुपिढ्या अपमान आला, त्यांना "राग सोडा" असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या उपदेशकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. द्वेष सोडणे म्हणजे अन्याय न दिसणे नव्हे. खदखदत्या पाण्यात अन्याय विकृत दिसतो, हे खरे. पण शेवाळलेल्या पाण्यात तो दिसतच नाही. विचिकिच्छेसंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे : शंका विचारणे ही विचिकिच्छा नव्हे. बहुश्रुतता आणि प्रश्न विचारणे हे तर अट्ठकथांनी विचिकिच्छेवरचे उपायच मानले आहेत. अंधारात ठेवलेले गढूळ पात्र प्रकाशात आणावयाचे ते याच मार्गाने.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विवेचनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वर्षावासात गावोगावच्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. परंतु पहिल्या प्रवचनातील सम्यक समाधीवरचा भाग वाचला जातो आणि वाचक पुढे सरकतो. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात बाबासाहेबांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : समाधी म्हणजे नुसती एकाग्रता, तिने नीवरणे काही काळ थोपवली जातात, पण ध्यानाच्या त्या अवस्था तात्पुरत्या असतात. चित्ताला कायमचे वळण लागले पाहिजे. सम्यक समाधी ही भावात्मक आहे; ती एकाग्रतेच्या वेळी कुशल कर्माचा विचार करण्याची सवय चित्ताला लावते. काही अभ्यासकांना हे विवेचन परंपरेपासून दूर गेलेले वाटते. आमचे मत तसे नाही. शेवाळ हाताने बाजूला सारले तर घटकाभर पाणी दिसते आणि पुन्हा शेवाळ एकत्र येते, हे पालि परंपरेलाही मान्य आहे; समाधीने नीवरणे दबतात, प्रज्ञेने ती उपटली जातात, असेच ती सांगते. बाबासाहेबांनी प्रज्ञेच्या जागी कुशल कर्माचे चिंतन आणले की प्रज्ञेचाच तो अर्थ केला, हा वादाचा विषय होऊ शकेल आणि त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. पण 'ध्यान करणारे लोक चळवळीच्या कामाचे नाहीत' असे म्हणणारे कार्यकर्ते आणि 'चळवळीतल्या लोकांना ध्यान काय कळणार' असे म्हणणारे साधक, हे दोघेही त्या परिच्छेदाचा अर्धाच भाग वाचतात, हे मात्र निश्चित.

गेल्या वर्षावासापासून आमच्या सायंकाळच्या वर्गाचा क्रम आम्ही बदलला आहे. पूर्वी त्रिशरण-पंचशील झाल्यावर लगेच तासभर बैठक होत असे. आता पहिली वीस मिनिटे गच्चीवर चंक्रमण होते, नंतर अर्धा तास आनापान, आणि दिवा चालू ठेवलेला असतो. उरलेल्या दहा मिनिटांत प्रत्येकाने आपल्या पात्रातील पाणी आज कोणते होते, एवढेच सांगावयाचे : रंगीत, उकळते, शेवाळलेले, तरंगांचे की गढूळ. प्रारंभी सर्व जण तरंगांचेच सांगत. वाऱ्याचे नाव घेण्यात कमीपणा वाटत नाही. कार्तिक उजाडेपर्यंत एका वयस्क उपासकांनी, आपण बारा वर्षे शेवाळाखाली बसत होतो, असे हसत हसत सांगितले, आणि त्या दिवशी वर्ग ठरल्या वेळेपेक्षा बराच उशिरा सुटला.